शाळेची खोली दुपारी का तापते? वैरागच्या उन्हाचं गणित आणि आजचं शाळा-बांधकाम

मार्च उजाडला की सोलापूर जिल्ह्यात सकाळची शाळा सुरू होते. आपल्याला याची इतकी सवय झालीय की त्यात काही वावगं वाटत नाही. पण जरा विचार करा. ऐन परीक्षेच्या तोंडावर शाळेची इमारत दुपारी बसण्यालायक राहत नाही, म्हणून आपण इमारत सोडून घड्याळ बदलतो. शिक्षण हक्क कायद्याच्या (२००९) अनुसूचीत शाळेची इमारत सर्व ऋतूंत वापरता येण्यासारखी असावी अशी अट आहे. आपल्याकडे याचा अर्थ 'पावसात गळत नाही' एवढाच घेतला जातो. उन्हाचं कोणी विचारत नाही.

माझं गाव वैराग. बार्शी तालुका, बार्शी-सोलापूर रस्ता. मी सिव्हिल इंजिनिअर नाही, तंत्रज्ञानावर लिहितो. हा लेख लिहायला कारण घडलं ते असं : आमच्या भागातल्या एका शाळेला दोन नव्या वर्गखोल्या मंजूर झाल्या. तिथल्या ओळखीच्या गुरुजींनी नकाशाचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला आणि विचारलं, "स्मार्ट टीव्ही कोणत्या भिंतीला लावावा?" मी उलट विचारलं, "गुरुजी, यात उत्तर कुठंय?" नकाशावर दिशेचा बाणच नव्हता. रस्ता पश्चिमेला, म्हणून मोठ्या खिडक्या पश्चिमेला, एवढाच हिशोब. हे लिहितोय तेव्हा पाया खणायचा बाकी आहे. एकदा स्लॅब पडला की पुढची चाळीस-पन्नास वर्षं मुलं त्याच खोलीत बसणार. त्यांना जे समजावून सांगितलं तेच इथे सविस्तर मांडतोय.

आधी सूर्य समजून घेऊ

वैराग साधारण १८ अंश उत्तर अक्षांशावर आहे. एवढ्या एका आकड्यावरून बरंच काही काढता येतं. २१ मार्चला आणि २३ सप्टेंबरला भर दुपारी सूर्य दक्षिण क्षितिजापासून ७२ अंश वर असतो. २२ डिसेंबरला तो फक्त साडेअठ्ठेचाळीस अंशांपर्यंत चढतो. मेच्या मध्यावर तो बरोब्बर डोक्यावर येतो, तोच आपला 'शून्य सावली दिवस'. आणि तिथून जुलैच्या शेवटापर्यंत दुपारचा सूर्य चक्क आपल्या उत्तरेला असतो.

हे शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे. युरोप-अमेरिकेच्या पुस्तकांत 'उत्तरेच्या खिडकीतून ऊन येत नाही, फक्त मऊ उजेड येतो' असं लिहिलेलं असतं. ते त्यांच्या अक्षांशावर भर दुपारपुरतं खरं आहे. आपल्याकडे जूनमध्ये सूर्य पश्चिमेच्या २५ अंश उत्तरेला मावळतो, म्हणजे संध्याकाळचं ऊन उत्तरेच्या खिडकीतून तिरपं आत येतं. तरी जून-जुलैत ढग असतात म्हणून हे खपून जातं. उत्तरेला दीड-दोन फुटी छज्जा आणि खिडकीच्या पश्चिम बाजूला एक उभी पट्टी काढली की भागतं.

आता दक्षिण बाजू. चार फूट उंचीची खिडकी आणि तिच्या लगेच वर दोन फुटी छज्जा धरा. फेब्रुवारीच्या शेवटापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत भर दुपारचं ऊन त्या खिडकीतून आत येतच नाही. डिसेंबरात मात्र खिडकीच्या खालच्या पावणेदोन फुटांतून येतं, आणि तेव्हा ते हवंच असतं. एका साध्या छज्ज्याने उन्हाळ्यात दार लावायचं आणि थंडीत उघडायचं काम फुकटात होतं.

पश्चिमेला हे गणित कोलमडतं. एप्रिलच्या मध्यावर, घड्याळात साडेचारच्या सुमारास, सूर्य फक्त ३१ अंश वर असतो आणि तंतोतंत पश्चिमेला. तीच चार फुटी खिडकी झाकायला किती छज्जा लागेल? साडेसहा फूट! त्याला छज्जा म्हणत नाहीत, त्याला व्हरांडा म्हणतात. आपल्या आजोबांनी पश्चिमेला पडवी काढली ती हौस म्हणून नव्हे.

जाता जाता एक गंमत. आपलं घड्याळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावर चालतं, वैराग त्याच्या बरंच पश्चिमेला. त्यामुळे इथे सूर्य घड्याळापेक्षा साधारण २७ मिनिटं मागे असतो. खरी दुपार बाराला होत नाही, साडेबाराच्या आसपास होते. शाळा साडेचारला सुटते तेव्हा सूर्याच्या हिशोबाने चारच वाजलेले असतात. दुपारच्या शाळेत मुलं दिवसाचा सगळ्यात तापलेला भाग वर्गात काढतात.

मग खोली कशी फिरवायची?

लांब भिंती उत्तर-दक्षिणेला, आखूड भिंती पूर्व-पश्चिमेला. खिडक्या फक्त लांब भिंतींना. पश्चिमेची भिंत बंद ठेवायची, तिच्या आत कपाटं लावायची, बाहेरून जिना किंवा साहित्याची खोली चिकटवायची, म्हणजे ऊन त्यांनी खायचं. फळा पूर्वेच्या भिंतीला. मुलं पूर्वेकडे तोंड करून बसली की उत्तर त्यांच्या डाव्या हाताला येते. उजव्या हाताने लिहिताना हाताची सावली वहीवर पडत नाही. (डावखुऱ्यांवर अन्याय होतो हे खरं, पण समोर दक्षिणेलाही खिडक्या आहेत.)

गुरुजींच्या जागेत खोल्या नव्वद अंशांनी फिरायला जागा आहे. त्यासाठी सिमेंटची एक गोणीसुद्धा जास्त लागत नाही. माझ्या मते शाळेच्या बांधकामातला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित निर्णय हाच आहे.

माळवद थंड होतं, मग ते सोडलं का?

हा प्रश्न गावात कोणीही विचारतो, आणि बरोबर विचारतो. आपल्या भागातली जुनी घरं म्हणजे दोन-दोन, तीन-तीन फूट जाडीच्या दगडमातीच्या भिंती, वर लाकडी तुळया आणि पांढऱ्या मातीचं जाड माळवद. उजेडाला आणि धुराला वर सवणं, पुढे ढाळज. भर उन्हाळ्यात आत शिरलं की गारवा.

यामागचं तत्त्व सोपं आहे. जाड वस्तूतून उष्णता पलीकडे पोचायला वेळ लागतो. दीड फुटी भिंतीला साधारण दहा-बारा तास. म्हणजे दुपारचं ऊन आत पोचेपर्यंत मध्यरात्र होते. पाच इंची स्लॅबला मात्र तीन-चार तासच लागतात. अकरा-बाराचं ऊन बरोबर तीन-चारच्या तासाला मुलांच्या डोक्यावर उतरतं. पत्र्याला तर वेळच लागत नाही. उन्हाळ्यात पत्रा ६० अंशांच्या वर जातो आणि शेगडीसारखा खाली उष्णता फेकतो. पंखा लावला तरी बरं वाटत नाही ते यामुळेच. पंखा हवा हलवतो, पण छताची धग तशीच अंगावर येत राहते.

मग परत माळवद बांधावं का? नाही. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे, गणपती विसर्जन करून गाव झोपलेलं असताना, किल्लारीला भूकंप झाला. किल्लारी वैरागपासून सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आत आहे. भूकंप जगातल्या मोठ्या भूकंपांच्या मानाने मध्यम होता, तरी हजारो माणसं गेली. भिंती मातीत रचलेल्या गोटेवजा दगडांच्या होत्या, आतला आणि बाहेरचा थर एकमेकांना नीट बांधलेला नव्हता आणि डोक्यावर टनावारी माती होती. जे वजन गारवा देत होतं तेच अंगावर आलं. त्यानंतर आपल्या पट्ट्यात लोकांचा जड छतावरचा विश्वास उडाला, स्लॅब आणि पत्रा घरोघर आला. ते योग्यच झालं. पण गारवा गेला, आणि त्याच्या जागी काय आणायचं हे कोणी सांगितलं नाही.

आजच्या शाळेपुढचा खरा पेच हा आहे : जो गारवा पूर्वी वजनातून मिळायचा, तो आता वजनाशिवाय मिळवायचा. उत्तर एका शब्दात द्यायचं तर सावली. भिंतीवर, खिडकीवर आणि सगळ्यात आधी छतावर. कारण एप्रिलमध्ये सूर्य जवळपास डोक्यावर असतो, त्यामुळे सगळ्यात जास्त ऊन छतच खातं.

काही लोक उन्हाळ्यात पत्र्यावर कडबा किंवा उसाचं पाचट टाकतात. घराचं ज्याचं त्याने बघावं, शाळेवर मात्र हे कधीही करू नका. २००४ साली तमिळनाडूत कुंभकोणमला शाळेच्या शाकारलेल्या छपराला आग लागून ९४ मुलं गेली.

पत्र्याची शाळा, पण थंड : आफ्रिकेतलं गांदो

पश्चिम आफ्रिकेत बुर्किना फासो नावाचा देश आहे. ऊन आपल्यासारखंच, किंबहुना जास्त. तिथल्या गांदो गावचे फ्रान्सिस केरे बर्लिनमध्ये वास्तुकला शिकत असताना त्यांनी पैसे जमवून २००१ मध्ये गावात प्राथमिक शाळा बांधली. गावकऱ्यांनी दगड वाहिले, बायांनी जमीन चोपून तयार केली. या इमारतीला २००४ मध्ये आगा खान पुरस्कार मिळाला, आणि २०२२ मध्ये केरे यांना वास्तुकलेतला सर्वोच्च मानला जाणारा प्रित्झकर पुरस्कार.

त्या शाळेवर छत पत्र्याचंच आहे! फरक असा की पत्रा वर्गावर थेट टेकलेला नाही. वर्गाला मातीच्या विटांचं वेगळं छत आहे, त्यात फटी ठेवल्यात. त्याच्या बऱ्याच वर सळयांच्या हलक्या कैच्यांवर पत्रा उभा आहे, भिंतीच्या पुढे भरपूर बाहेर आलेला. पत्रा तापतो, पण त्याच्या खालून वारा वाहतो आणि ती उष्णता घेऊन जातो. वर्गातली गरम हवा फटींतून वर निघते, खिडकीतून ताजी हवा येते. डोक्यावर छत्री धरावी तसा हा प्रकार आहे.

हेच आपल्याला स्लॅबवर करता येतं, आणि आता त्यासाठी वेगळा पत्राही नको. सोलर पॅनेल स्लॅबला चिकटवून न लावता उंच सांगाड्यावर लावले की तीच छत्री. हिशोब करू. एका वर्गात ३० वॅटचे चार बीएलडीसी पंखे आणि २० वॅटच्या चार एलईडी ट्यूब धरल्या तर २०० वॅट. सहा तासांचे सव्वा युनिट. आपल्याकडे १ किलोवॅट पॅनेल दिवसाला साधारण ४ युनिट देतात, म्हणजे तीन वर्ग आरामात चालतात. सांगाडा मात्र जाणत्या इंजिनिअरकडूनच करून घ्या. वळवाच्या पावसाआधीचं वावटळ पॅनेलला पतंगासारखं उचलतं. आणि धूळ पुसायला कोणाचं तरी नाव ठरवा, नाहीतर महिनाभरात वीज घटते.

पैसेच नसतील तर? स्लॅबवर पांढरा थर. सिमेंटचा मळकट स्लॅब बहुतेक ऊन शोषून घेतो. ताजा चुना त्यातलं बहुतेक परतवतो. चुना दर उन्हाळ्याआधी मारावा लागतो. त्यापेक्षा टिकाऊ म्हणजे फुटक्या पांढऱ्या टाइल्सचं चायना मोझॅक, जे गळतीही थांबवतं. तेलंगणाने २०२३ मध्ये अशा थंड छतांसाठी राज्याचं धोरणच आणलं. नवा स्लॅब टाकायचा असेल तर लॉरी बेकर यांनी केरळात रुळवलेला फिलर स्लॅबही विचारात घ्या. स्लॅबच्या खालच्या भागातलं काँक्रीट फारसं काम करत नाही, तिथे दोन कौलं एकावर एक ठेवायची. काँक्रीट वाचतं, वजन घटतं, मधल्या हवेमुळे उष्णताही अडते. पण गवंड्याने ते आधी कधी केलेलं असावं. शाळेवर शिकाऊ प्रयोग नको.

महाराष्ट्रातल्या दोन इमारती

पुण्याजवळ लवळ्याला मुलींची अवसरा अकादमी ही निवासी शाळा आहे. मुंबईच्या केस डिझाइनने ती रचली, हवामानाचं गणित ट्रान्ससोलर या जर्मन कंपनीने केलं. तिथे हवा जमिनीखालच्या नळांतून खोल्यांत येते आणि छतावरच्या सौर धुराड्यांतून बाहेर जाते. कसं? विहिरीचं पाणी उन्हाळ्यात गार आणि थंडीत कोमट का लागतं ते आठवा. जमिनीत तीन-चार मीटर खाली तापमान वर्षभर जवळपास सारखं, त्या गावाच्या वार्षिक सरासरीइतकं असतं. बाहेर ४१ अंश असताना त्या मातीतून फिरून आलेली हवा बरीच निवते. वर धुराड्याचं टोक उन्हाने तापतं, आतली हवा हलकी होऊन वर जाते आणि मागून नळातली गार हवा ओढते. मोटर नाही, एसी नाही.

तंत्र सुंदर आहे, तरी वैरागला दोन खोल्यांसाठी मी ते सुचवणार नाही. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यात नळ टिकवणं अवघड. खाली मुरूम आणि खडक लागला तर खोदाईचा खर्च खोलीच्या वर जाईल. धुराड्याचं तत्त्व मात्र उचला. खिडक्यांच्या वर, छताला लागून व्हेंटिलेटर ठेवा आणि ते कायम उघडे ठेवा. गरम हवा तिथेच साठते. बहुतेक शाळांत या व्हेंटिलेटरवर पुठ्ठा ठोकलेला दिसतो, कारण पावसाची झड आणि कबुतरं. वर छोटा छज्जा आणि बारीक जाळी दिली की पुठ्ठ्याची गरज राहत नाही.

दुसरी इमारत कोपरगावची. शारदा स्कूलमधलं माया सोमैया ग्रंथालय, समीप पडोरा यांच्या कार्यालयाने २०१८ मध्ये पूर्ण केलं. पातळ विटांची लाटेसारखी कमान जमिनीतून उठते आणि परत जमिनीत उतरते. साखळी दोन टोकांना धरून सोडली की जो झोल पडतो तो उलटा केला की अशी कमान मिळते. तिच्यात फक्त दाब येतो, ताण येत नाही, म्हणून वीट पुरते. झ्युरिकच्या ईटीएच विद्यापीठात तयार झालेल्या रायनो-व्हॉल्ट या सॉफ्टवेअरने तो आकार काढला. बांधायची पद्धत शेकडो वर्षं जुनी, स्पेनमधल्या कॅटलोनियाची. मला मात्र त्यातलं सॉफ्टवेअर सगळ्यात भावत नाही. मुलं त्या छतावरून चालत पलीकडे जातात, वर खेळतात, खाली वाचतात, ते भावतं. 'वाचनालयात शांत बसा' असं सांगणारी ती इमारतच नाही.

उजेडाचं थोडक्यात

वहीवर साधारण ३०० लक्स उजेड लागतो. बाहेर भर उन्हात तो लाखाच्या घरात असतो. म्हणजे उजेड कमी नाही, तो आत पोचत नाही. ढोबळ नियम असा की खिडकीचा वरचा काठ जितका उंच, त्याच्या दोन ते अडीच पट आतपर्यंत कामाचा उजेड जातो. काठ सात फुटांवर असेल तर चौदा ते सतरा फूट. खोली वीस फूट रुंद आणि खिडक्या एकाच बाजूला असतील तर पलीकडची रांग अंधारात बसते, आणि तिथेच बहुतेक वेळा मागे पडलेली मुलं असतात. छज्ज्याची वरची बाजू पांढरी रंगवा, उजेड तिच्यावरून उडून व्हेंटिलेटरमधून छतावर पडतो. छत पांढरं, फळ्याशेजारी खिडकी नको. टीव्हीसुद्धा फळ्याच्याच भिंतीला लावा. खिडकीसमोर लावलात तर मुलांना त्यात खिडकीच दिसेल.

शाळा फक्त शाळेची नसते

मतदान शाळेत, लसीकरण शाळेत, २०२० मध्ये बाहेरगावाहून आलेल्यांचं विलगीकरणही शाळेतच. गावातली सगळ्यांच्या हक्काची मोठी इमारत तीच असते. तरी नकाशा फक्त वर्गांचा काढतात. व्हरांडा आठ फुटी केला तर तिथे पालकसभा होते, पावसात जेवणाच्या पंगती बसतात, रात्री अभ्यासिका चालते. स्वच्छतागृह मुलींना मैदान ओलांडून जावं लागेल असं नको; घरी जाईपर्यंत पाणीच न पिणाऱ्या मुली उन्हाळ्यात चक्कर येऊन पडतात. पोषण आहाराचं किचनशेड वर्गांच्या पूर्वेला घ्या, कारण आपल्याकडे पावसाळ्याचा वारा पश्चिम-नैऋत्येकडून येतो; शेड पश्चिमेला असेल तर फोडणीचा धूर वर्गात. पश्चिमेला कडुलिंब लावा. तो फेब्रुवारी-मार्चमध्ये पानं झाडतो आणि खरं ऊन सुरू होईपर्यंत पुन्हा भरतो. बुंध्याभोवती पार बांधा, म्हणजे मुलांना न्यायला आलेली माणसं फाटकाबाहेर उन्हात उभी राहणार नाहीत.

माढा तालुक्यातल्या परितेवाडीची शाळा क्यूआर कोडच्या पुस्तकांमुळे आणि रणजितसिंह डिसले गुरुजींच्या २०२०च्या ग्लोबल टीचर पुरस्कारामुळे जगाला माहीत झाली. २००९ मध्ये ते तिथे रुजू झाले तेव्हा शाळेची पडकी इमारत गोठा आणि साठवणीच्या खोलीच्या मध्ये होती, हे मात्र फार थोड्यांच्या लक्षात आहे. चांगला शिक्षक तशा इमारतीतही शिकवतो. पण तशी इमारत देऊन त्याच्याकडून चांगल्या निकालाची अपेक्षा करणं बरं नव्हे.

स्वतः कसं तपासाल?

सनकॅल्क या मोफत वेबसाइटवर शाळेची जागा निवडा, तारीख आणि वेळ टाका, सूर्य कुठे आहे ते नकाशावर दिसतं. लक्स मोजायला मोबाइलवर मोफत अ‍ॅप मिळतात. अचूक नसतात, पण पुढच्या आणि मागच्या बाकावरचा फरक कळायला पुरतात.

दिशा मात्र मोबाइलच्या होकायंत्राने ठरवू नका, सळया आणि पत्र्याजवळ ते फसतं. तीन फुटी काठी ओळंब्यात उभी करा. मेमधला शून्य सावली दिवस सुट्टीत जातो आणि जुलैमधला ढगांत, म्हणून २१ मार्च किंवा २३ सप्टेंबर घ्या. सव्वाबारापासून पाऊणपर्यंत दर पाच मिनिटांनी मुलांना सावलीच्या टोकावर खडूने खूण करायला सांगा. सगळ्यात आखूड सावली सुमारे एक फुटाची भरेल. तिची रेघ काठीपासून बरोबर उत्तरेकडे जाते. नकाशावरचा बाण त्या रेघेवर ठेवा, आणि मगच पायाची फक्की मारा.